उसातलं प्रवचन

"पोटातनं आवाज काढ, रविराज. मेंढपाळ ताटकळलेत."

सुलक्षणाबाईंची ही हाक रविराज साळवेच्या कानात इतक्या वर्षांनंतरही ताजी होती. दौंडच्या चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेचं नाताळचं नाटक. बाई पडद्याआडून हातवारे करताहेत, आणि पाठीला सुतळीनं पुठ्ठ्याचे पंख बांधलेला एवढासा रविराज देवदूत होऊन स्टुलावर उभा. तोंडी एकच वाक्य होतं: उठा, बाळ जन्मलंय, बघायला जा. ते त्यानं म्हटलं. अगदी जीव ओतून म्हटलं. पण ते ओठांवरून निघालं आणि स्टुलाखाली उतरायच्या आतच विरघळलं. मेंढपाळ शेकोटीभोवती बसून राहिले. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आपल्या वेळेला आले, नजराणे ठेवून, दाढ्या काढून, चहा पिऊन घरी गेले. मेंढपाळ आपले बसूनच.

तो देवदूत आता चर्चचा पाळक व्हायचं म्हणून पुण्याला धर्मशास्त्राच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. ग्रीक येत होतं, हिब्रू अडखळत का होईना येत होतं. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास तोंडपाठ होता. आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलावं, आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हेही तो शिकला होता. आवाज तेवढा अजून स्टुलाखाली उतरला नव्हता.

"साळवे, तुमचं प्रवचन सुंदर असणार," उपदेशशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. मोनिका चक्रनारायण एकदा भर वर्गात म्हणाल्या होत्या, "कारण पहिल्या बाकावरचे लोक डोळे पुसताना दिसतात. तिसऱ्या बाकावरचे घड्याळ बघतात. पाळकाला तिसरा बाक सोडून देता येत नाही."

वर्ग हसला. रविराजही हसला, ते हसूही कुणाला ऐकू गेलं नाही.

परीक्षेचा नियम साधा होता. विद्यार्थ्यानं फील्डवर्कच्या गावी रविवारच्या उपासनेत प्रवचन करायचं आणि मॅडम मंडळीत बसून ऐकणार. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे आणि शब्द स्वतःचे पाहिजेत. मागे एका विद्यार्थ्यानं इंटरनेटवरून आख्खं प्रवचन उचललं होतं, आणि त्यात 'आपल्या टेक्सासच्या थंडीत' हे शब्दसुद्धा जसेच्या तसे राहिले होते. तेव्हापासून मॅडम उचललेलं वाक्य वासावरून ओळखायच्या. नापास झालं की वर्ष गेलं, आणि त्याबरोबर पाळकपदाची दीक्षाही.

पण रविराजला धास्ती होती ती याहून वेगळीच. त्या रविवारी दौंडहून पप्पा येणार होते.

सर्जेराव साळवे रेल्वेच्या शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहत. रविराजनं रांजणगावच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून धर्मशास्त्र धरलं, त्याला वर्षं लोटली. पण या विषयावर त्यांनी एका 'हं'पलीकडं ना हो म्हटलं होतं, ना नाही. सुट्टीत रविराज दौंडच्या चर्चमध्ये प्रवचन करायचा. पप्पा दुसऱ्या बाकावर ताठ बसायचे, आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "चल, भाकरी गार होत्यात." फोनवर तर त्याहून थोडक्यात. "मी बरा हाय, तू बरा ऱ्हा," आणि खट्. मॅडमचे गुण रविराजला हवेच होते. पण या एका माणसाकडून बरं-वाईट काहीतरी एकदा ऐकायला मिळालं असतं, तर त्यानं त्या बदल्यात सगळं ग्रीक परत करून टाकलं असतं.

फील्डवर्कचं चर्च निमोण्याच्या अलीकडं होतं. पत्र्याचं छप्पर, दारात कडुनिंब, मागं रविराजची खोली, आणि खोलीला खेटून हौसरावांचा ऊस. ऊस असा दाट की वाऱ्यालासुद्धा आडवं होऊन आत शिरावं लागे. आपला आवाज हसण्यावारी न्यायला तिथं कुणी नाही, हे हेरून रविराज गावात असला की उजाडताना त्या उसात शिरायचा, पाय रोवायचा, पोट आत घ्यायचा आणि बोंबलायचा.

प्रवचन होतं बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर. कळपातलं एक मेंढरू हरवतं, आणि मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या मागं निघतो. त्यात रविराजनं मेंढपाळाच्या तोंडी स्वतः रचलेल्या ओळी घातल्या होत्या, आणि त्या म्हणताना त्याचा गळा आपोआप मोकळा व्हायचा:

"ये गं सावळे, माघारी ये,
काट्यातनं वाट काढीत ये.
दिवा घेऊन बांधावर हाय मी उभा,
तू निस्तं एकदा ब्यां म्हण."

एके सकाळी 'ब्यां म्हण' म्हटल्याबरोबर ऊस हलला. आधी काठी बाहेर आली, मागून हौसराव. गावच्या सोसायटीचे चेअरमन, पांढऱ्या मिशा, आणि बोलण्याआधी घसा खाकरण्याची चेअरमनी सवय.

"कोण हाय रं उसात?"

"मी, आबा. चर्चमधला रविराज."

"आन् ती सावळी कुठं हाय?"

"कोण सावळी?"

"आता आख्ख्या शिवाराला ऐकू जातंय, माघारी ये, माघारी ये. बायकू रुसून गेली का पळून गेली?"

"लग्न नाही झालं, आबा. मेंढी आहे. हरवलेली."

हौसरावांनी काठीनं ऊस बाजूला सारून आत डोकावून घेतलं. "कुणाची?"

"दाखल्यातली."

"तलाठ्यानं आता मेंढीचाबी दाखला काढाया लावला का?"

मग रविराजनं बांधावर बसून सगळं समजावून सांगितलं. परीक्षा, मॅडम, तिसरा बाक. पण सांगता सांगता त्याचं मन मघाच्याच एका वाक्याभोवती घोटाळत होतं.

"आबा, आख्ख्या शिवाराला ऐकू जातंय म्हणालात. खरंच?"

"खरंच म्हंजी? आमची म्हैस दूध चोराया लागली." हौसरावांनी घसा खाकरला. "पर एक सांगू का. तू बोंबलाया लागल्यापास्नं बिबट्या ह्या अंगाला फिरकला न्हाई. खालच्या वावरात दोन शेळ्या नेल्या. हितं कुत्रंसुदिक शाबूत हाय. आसं कर, सांजच्याला जरा खालच्या अंगाला ये. तिकडंबी एखादी मेंढी हरवू दी."

रविराज हरखून गेला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला आवाजासाठी बोलावलं होतं. सकाळी वरच्या वावरात, संध्याकाळी खालच्या वावरात, त्याची सावळी हरवू लागली. दोन-तीन आठवड्यांत त्याचा आवाज असा सुटला की कडुनिंबावरच्या साळुंक्या प्रवचनाच्या वेळेला आपण होऊन पलीकडच्या बाभळीवर जायच्या.

अडचण एवढीच होती की सोमवार ते गुरुवार त्याला पुण्याला वर्ग असायचे, आणि बिबट्याला हे वेळापत्रक कुणी कळवलं नव्हतं. म्हणून हौसरावांनी अयुबला बोलावलं.

अयुब तळेगाव ढमढेरे ते निमोणे जीप चालवायचा, आणि त्याच जीपच्या मागच्या सीटखाली त्याचं दुकान होतं. चार्जर, पेनड्राइव्ह, बॅटऱ्या, भाजीवाले हातगाडीवर लावतात ते भोंगे. त्यानं एका संध्याकाळी उसात उभं राहून रविराजचं आख्खं प्रवचन मोबाइलवर उतरवून घेतलं, त्यात मापानं घुमारा मिसळला, खालच्या पट्टीला जरा वजन दिलं, आणि भोंगा उसाच्या कडेच्या खांबाला टांगला. बटण दाबताच असा आवाज उसळला की रविराज स्वतःच दचकला. आपल्याच घशातून कुणीतरी पहिलवान बोलतोय असं त्याला वाटलं.

आक्षेप आला तो हौसरावांच्या घरातून. त्यांच्या पत्नी विठाबाई शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणाल्या, "अयुब, हे काय लावलंय? बिबट्याला जा म्हणायचं सोडून, ये गं ये गं काय म्हणतंय हे?"

"काकी, बिबट्याला मराठी कुठं कळतंय?"

"मग घाबरतंय कशाला?"

अयुब भोंग्याची वायर गुंडाळू लागला. विठाबाईंचा मोर्चा रविराजकडं वळला. "आन् तुझा तो मेंढपाळ. एका मेंढीपायी बाकीची नव्व्याण्णव रानात टाकून गेला? त्यांच्याकडं बघायचं कुणी? माझ्या शेळ्या आसत्या तर एकबी टाकली नसती मी."

रविराजला विद्यापीठात ग्रीकमधून बरंच शिकवलं होतं, पण हा प्रश्न कुणी काढला नव्हता. तो म्हणाला, "विचार करून सांगतो, काकू."

"कर. घाई न्हाई. नव्व्याण्णव हायेत."

पंधरवड्यात भोंगा गाजला. बाजाराच्या दिवशी अयुब तळेगावात जीपच्या बॉनेटवर नमुना वाजवून दाखवू लागला. या वस्तीनं नेला, त्या मळ्यानं नेला. कुणी म्हणालं, "दुसऱ्या गावानं हिंदी गाणी लावली, तर बिबट्या ऐकत बसला म्हणं." कुणी म्हणालं, "ह्या मेंढीवाल्याच्या बोलण्यात वजन हाय." लोकांना प्रवचन कानावरून पाठ झालं. म्हशी धुताना बायका पहिला मुद्दा म्हणायच्या. ऊसतोडीची पोरं बैलगाडीवर बसून जायची आणि भोंगा 'निस्तं एकदा ब्यां म्हण' म्हणाला की सगळी मिळून इमानदारीत 'ब्यां' म्हणायची.

पुण्याहून परतताना रविराजला आपलंच प्रवचन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सामोरं येऊ लागलं. आधी मजा वाटली. मग परीक्षेच्या आठवड्यात लक्षात आलं की मॅडम याच रस्त्यानं येणार. तो धावत हौसरावांकडं गेला.

"आबा, रविवारी सकाळपुरते भोंगे बंद ठेवता येतील?"

"रविवारी? येडा का खुळा? तोडणी चालू हाय, बिबटी पिल्लं घेऊन फिरती. आता तर दिवसाबी लावायचं ठरलंय. आन् तुझं तू चर्चमधी बोलणार, भोंगा उसात बोलणार. दोघांत भांडाण कशाचं?"

रविवारी सकाळी डॉ. चक्रनारायण एसटीनं तळेगाव ढमढेऱ्याला उतरल्या आणि निमोण्याकडं निघालेल्या पहिल्या जीपमध्ये बसल्या. जीप अर्थातच अयुबची होती. पुढचं सगळं रविराजला नंतर अयुबनंच तिखटमीठ लावून सांगितलं.

गाव सुटलं आणि पहिल्या मळ्यातून घनगंभीर आवाज आला: मेंढपाळ दिवा घेऊन निघाला. मॅडमनी कान टवकारले. पुढच्या मळ्यात तो मेंढपाळ अजून घरीच मेंढरं मोजत होता. त्याच्या पुढच्या मळ्यात मेंढरू सापडूनही गेलं होतं. शेवट आधी, सुरुवात मधे, असं करत करत निमोणं येईस्तोवर मॅडमचं प्रवचन आख्खं ऐकून झालं. ते त्यांना आवडलंही होतं.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"बिबट्याचं हाय, म्याडम."

"म्हणजे?"

"बिबट्यासाठी हाय. लय चांगलं चालतंय. तुम्हाला पायजे का? पेनड्राइव्हसकट देतो."

"ज्याचं आहे त्याची परवानगी घेतलीत का तुम्ही?" असं म्हणत मॅडमनी पर्समधून वही आणि पेन काढलं.

अयुबनं चोरून तिकडं पाहिलं. चष्मा, वही, पेन आणि वर परवानगी. या बाई फॉरेस्ट खात्याच्या, बिनपरवाना भोंगे पकडायला आलेल्या, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नाही. तो घाईघाईनं म्हणाला, "ते, म्याडम, रेडिमेड हाय. इंटरनेटवर भेटतं. हमारे इधर का कोई नहीं है." आणि फाट्यावर माणसं उतरायला थांबताच त्यानं हौसरावांना फोन लावला. "आबा, फॉरेस्टच्या म्याडम आल्यात. तुमचा भोंगा बंद करा. आन् काय बी झालं तरी त्या पोराचं नाव काढू नका."

रविराज इस्त्रीचा पांढरा सदरा घालून चर्चच्या दारात उभा होता. मंडळी जमली होती, पेटीवर सूर धरला होता, फक्त पप्पांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्याला कडुनिंबाखाली घेऊन गेल्या.

"साळवे, आज हरवलेल्या मेंढरावर बोलणार आहात ना? ये गं सावळे?"

"हो, मॅडम."

"मी ते तळेगावपासून ऐकत आले."

"मॅडम, ते माझंच आहे. मीच बोललोय ते."

मॅडमनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "तुमचा आवाज मी तीन वर्षं ऐकतेय. म्हणजे, ऐकू येत नाही तो मी ओळखते. तो भोंग्यातला माणूस तुम्ही नाही. आणि जीपवाला म्हणाला, इंटरनेटवर मिळतं."

"अयुब असं म्हणाला? मॅडम, हौसरावांना विचारा. त्यांच्याच उसात मी रोज..."

अयुबचा फोन येताच भोंगा बंद करून हौसराव नवं धोतर नेसून तिकडंच येत होते. त्यांनी मॅडमना हात जोडले.

"आबा, सांगा ना यांना. तुमच्या उसात रोज सकाळी कोण ओरडतं?"

हौसरावांनी घसा खाकरला. पोराला वाचवायचं त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. "आमच्या उसात कुणीच वरडत न्हाई."

"आबा."

"हे पोरगं?" हौसराव मॅडमकडं वळले. "म्याडम, ह्यानं गावात आल्यापास्नं त्वांड उघडल्यालं मी तर बघितलं न्हाई. गरीब गाय हाय. जेवायला बस म्हणलं तरी मान हलवतंय. आन् भोंग्याचं म्हणाल, तर आमच्यात भोंगाच न्हाई." असं म्हणून त्यांनी रविराजकडं बघून प्रेमळ डोळा मारला.

"साळवे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वेगळं काहीतरी बोला. आता, इथं. स्वतःचं. ते मेंढरू मला नको. नाहीतर मी आल्या जीपनं परत जाते."

गीतं झाली, प्रार्थना झाली. रविराज प्रवचनाला उभा राहिला तेव्हा त्याच्याकडं ना शब्द होते, ना मेंढरू. मॅडम मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. पप्पांसाठी ठेवलेली जागा अजून रिकामीच होती. यायचंच नव्हतं तर तसं सांगायचं तरी, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"प्रिय मंडळी," तो म्हणाला. पहिल्या बाकावरच्या दोघींनी माना हलवल्या. "आज माझ्याकडं..." तिसऱ्या बाकावरच्यानं घड्याळ पाहिलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

तिकडं हौसरावांच्या अंगणात विठाबाईंच्या लक्षात आलं की भोंगा गप्प आहे. फॉरेस्टचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपला माणूस बटण विसरून नवं धोतर नेसून फिरायला गेला, एवढंच त्यांना दिसलं. बिबटी पिल्लांसह हिंडतेय आणि याला चर्च सुचतंय, असं पुटपुटत त्यांनी बटण दाबलं, आवाजाची चकती शेवटापर्यंत पिळली आणि शेळ्यांकडं गेल्या.

चर्चचा पत्रा थरथरला.

"प्रिय मंडळी," उसातून रविराज गरजला, "आज तुम्हाला एका मेंढराची गोष्ट सांगतो."

आतला रविराज उभ्या जागी गोठला. मंडळीनं एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. मॅडम हताश होऊन वही मिटू लागल्या.

"मेंढपाळानं काय केलं?" बाहेरच्यानं विचारलं. "नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडली आणि एकाच्या मागं निघाला."

आणि रविराजचं डोकं फिरलं. स्वतःच्याच आवाजानं स्वतःची भाकरी हिसकावून घ्यावी, हे त्याला सहन होईना. त्यानं पाय रोवले, पोट आत घेतलं.

"का निघाला?" तो खिडकीकडं बोट करून ओरडला. साळुंक्या बाभळीवर गेल्या. "विठाबाई मला रोज विचारतात, बाकीच्यांकडं बघायचं कुणी? सांग ना."

बाहेरच्यानं नेमका तिथं श्वास घेतला होता. मंडळीत खसखस पिकली.

"तुम्ही म्हणाल," बाहेरचा म्हणाला, "एका मेंढरासाठी एवढा जीव का काढायचा?"

"मी नाही म्हणत तसं," आतला गरजला. "ज्याचं कधी काही हरवलं नाही, तो म्हणेल. अरे, ती नव्व्याण्णव रानात निवांत रवंथ करत बसली, ती कशाच्या जोरावर? उद्या मी चुकलो तर हा माणूस मलाही असाच हुडकत येईल, या खात्रीवर. तो एकासाठी गेला म्हणून तर बाकीच्यांची राखण झाली."

"व्हय की," मधल्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली.

मग सवाल-जवाबाचा असा फड रंगला की तसा त्या पत्र्याखाली कधी रंगला नव्हता. बाहेरचा मुद्दा मांडायचा, आतला त्याला अडवायचा. बाहेरचा काट्यात शिरायचा, आतला विचारायचा, काटे मोडले कुणाच्या पायात. पेटीवाल्यानं मधेच सूर लावला, कुणीतरी ढोलकी ओढली. खिडक्यांत ऊसतोडीची माणसं कोयते खांद्यावर टाकून उभी राहिली. मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि मान एकदा खिडकीकडं, एकदा पुढं, अशी हलवू लागल्या. एकाच मातीची दोन मडकी वाजवून बघावीत तसा एकच नाद दोन्हीकडून येत होता, आणि तो आता त्यांना चांगलाच ओळखू येत होता.

"दिवा घेऊन बांधावर हाय मी उभा," दोघंही एकदम म्हणाले, "तू निस्तं एकदा ब्यां म्हण."

"ब्यां," आख्खी मंडळी म्हणाली. खिडक्या म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या. आणि रविराजनं पाहिलं तर दारात, सदऱ्याला उसाचं पाचट चिकटलेले, हातात पिशवी धरलेले पप्पा उभे होते. तेही म्हणाले.

उपासना संपली तेव्हा हौसराव तावातावानं मॅडमपुढं येऊन उभे राहिले. सगळं उघडं पडलं अशी त्यांची खात्री होती. "म्याडम, केस करायची तर माझ्यावर करा. भोंगा माझा, ऊस माझा. पोरानं निस्ता आवाज दिलाय."

"केस कसली? मी यांची शिक्षिका आहे. परीक्षेला आलेय."

हौसरावांनी मॅडमना चष्म्यापासून वहीपर्यंत न्याहाळलं. "फॉरेस्टच्या न्हाई तुम्ही?"

"नाही."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय? उगंच पोराला मुकं केलं मी."

मॅडम हसत हसत रविराजकडं वळल्या. "साळवे, आज दोन प्रवचनं झाली. बाहेरच्यात आवाज होता, आतल्यात आवाज आणि जीव दोन्ही. मी आतल्याला पास करते. बाहेरच्याला सांगा, शेवट लांबलाय."

रविराजला नाचावंसं वाटत होतं. पण नजर पप्पांना शोधत होती. ते केव्हाच बाहेर पडून हौसरावांच्या बांधावर, भोंग्याच्या खांबाखाली जाऊन बसले होते. भोंगा आता गप्प होता. रविराज शेजारी जाऊन बसला.

"उशीर झाला, पप्पा," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "यायचं नव्हतं का मनात?"

पप्पांनी त्याच्या ओठांकडं पाहिलं. मग उसाकडं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"रविराज, मला ऐकू येत न्हाई."

"काय?"

"आता काय म्हणालास, तेबी न्हाई आलं. शेडमधी इंजनं, हातोडं. आदी डावा गेला, मग उजव्यानंबी अंग काढून घेतलं. रेल्वेला कळलं आसतं तर कोपऱ्यात बसवून ठिवलं आसतं, म्हणून गप ऱ्हायलो. मग सवयच लागली. कुणी बोललं की हं म्हणायचं. निम्मी दुनिया हं वर चालती."

रविराज उठून त्यांच्या समोर उकिडवा बसला आणि आता पोटातून म्हणाला, "म्हणजे दौंडच्या चर्चमध्ये माझी प्रवचनं?"

"त्वांड हलताना दिसायचं," पप्पा म्हणाले. "छान हलायचं. आज फाट्यावर उतरलो आन् तितल्या उसातनं माझं पोरगं बोलाया लागलं. एकेक शब्द. तितल्याच भोंग्याच्या खांबाला पाठ लावून बसलो. संपलं की परत पहिल्यापास्नं लागायचं. मधीच कुणी बंद केलं, म्हणून उठलो, न्हाईतर अजून तितंच आसतो."

हौसरावांच्या शेळ्या पलीकडं पाला ओरबाडत होत्या. पप्पा खाली बघून मातीत बोटानं रेघा ओढू लागले.

"नोकरी सोडायच्या आदी तू मला एकदा काहीतरी इचारलंवतंस. मी भाजी निवडत होतो. मला वाटलं, बाजारात जाऊ का म्हणतोयस. मी म्हणलं, हं. तर दुसऱ्या दिवशी तू ट्रंक घिऊन निघालास. मनात म्हणलं, बाजाराला ट्रंक कशाला. मग शेजाऱ्यांकडनं कळलं कुठं गेलास ते. तवापास्नं जिभेवर हाय, पर तुला बोलायचं म्हंजी आदी कानाचं सांगावं लागणार, म्हणून ऱ्हाऊन गेलं."

"काय सांगायचं होतं?" रविराज इतक्या मोठ्यानं म्हणाला की चर्चच्या दारातली माणसं वळून बघू लागली.

पप्पांनी मान वर केली.

"बरं केलंस," ते म्हणाले.